३१ किलो कमी केले, आता ट्रेनर होऊ का?

नाशिकहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. सगळं छापत नाही, सार सांगते. वय ३४, दोन मुलं, खासगी कंपनीत अकाउंट्सला नोकरी, हातात ३२ हजार येतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन ९४ वर गेलं होतं. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायला सुरुवात केली, मग सोसायटीच्या छोट्याशा जिममध्ये डंबेल उचलायला लागली आणि १४ महिन्यांत ६३ वर आली. आता बिल्डिंगमधल्या बायका 'आम्हालाही प्लॅन दे' म्हणून मागे लागल्यात, खालच्या मजल्यावरच्या ६१ वर्षांच्या एक काकू तर रोज लिफ्टपाशी गाठून विचारतात. तिला पर्सनल ट्रेनर व्हायचंय. विचारलंय की नोकरी सोडू का, आणि कोर्स कुठला करू, कारण एका ठिकाणी ५५ हजार मागतायत आणि 'रविवारपर्यंतच ऑफर आहे' म्हणून रोज फोन येतोय. आणि अगदी शेवटी, ता.क. लिहून, तिसरा प्रश्न: 'माझ्या पोटाची कातडी लोंबते, मी टी-शर्ट सैलच घालते, अशा ट्रेनरकडे कोण येणार?'

अगं, आधी मनापासून शाबासकी घे. ३१ किलो म्हणजे काय हे कळायला घरातला भरलेला गॅस सिलेंडर एकदा उचलून बघ, साधारण तेवढंच भरतं. तेवढं ओझं तू रात्रंदिवस अंगावर घेऊन फिरत होतीस, त्यातच पोरांना कडेवर घेत होतीस, ऑफिसचे जिने चढत होतीस. मी ८८ वरून ६१ वर आले होते आणि मग ११ वर्षं पुण्यात हेच काम केलं, आधी जिमच्या फ्लोअरवर आणि नंतर लोकांच्या घरी जाऊन. म्हणून उत्तर जरा मोठं होणारे, चहा घेऊन बस.

तुझा शेवटचा प्रश्नच पहिला घेते, कारण मला वाटतं बाकी दोन प्रश्नांच्या मागे पण तोच लपलाय.

एवढं वजन उतरल्यावर कातडी सैल राहते, ती व्यायामाने आत जात नाही, क्रीमने तर नाहीच नाही. वयावर, किती वर्षं वजन जास्त होतं त्यावर आणि बाळंतपणांवर ते अवलंबून असतं, फार झालं तर ऑपरेशन हा एक मार्ग असतो आणि तोही कुणाला दाखवायला म्हणून करायची गरज नाही. तुझ्या हातून काही कमी पडलं म्हणून ती तशी नाहीये. आता क्लायंटचं बघ. जिममध्ये पोस्टरसारखी बॉडी असलेल्या ट्रेनरकडे जाणारे लोक असतात आणि ते असू देत. पण जी बाई दोन वर्षं जिमच्या दारावरून नुसती ये-जा करतेय आणि आत पाय टाकत नाहीये, तिला आत जायची लाज वाटते गं, व्यायामाची नाही. तिला वाटतं सगळे माझ्याकडेच बघतील, मला खाली बसून उठता नाही आलं तर हसतील. ही लाज ज्याने स्वतः अनुभवली नाही त्याला ती शिकवून कळत नाही. तुला कळते. माझ्याकडे पहिल्या दोन वर्षांत आलेल्या जवळजवळ सगळ्या बायका 'तुम्ही पण आधी जाड होतात ना' हे विचारूनच आल्या होत्या. आमच्या धंद्यात एवढं भांडवल फार कमी लोकांकडे असतं.

पण तेवढंच भांडवल आहे हे पण ऐक. आणि इथे मला तुला माझी एक चूक सांगायचीये, मी ती आजपर्यंत फार कमी जणांना सांगितलीये.

माझं वजन सकाळी उपाशीपोटी चालून उतरलं होतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, चार-पाच वेळा वर-खाली, मग घरी येऊन नाश्ता. मला ते लागू पडलं म्हणजे ते सगळ्यांना लागू पडणार अशी माझी पक्की समजूत होती, आणि समजूत कसली, श्रद्धाच. तर माझी पहिल्या वर्षातली एक क्लायंट, ५२ वर्षांच्या बाई, शुगरची गोळी चालू. त्यांना मी सांगितलं, सकाळी काही खाऊ नका, सव्वासहाला मी येते, आधी व्यायाम. त्यांनी रोजच्या सवयीने गोळी घेतली, पण एरवी गोळीबरोबर पोहे नाहीतर पोळी असायची ती त्या दिवशी माझ्या शब्दाखातर नाही खाल्ली. तिसऱ्या राउंडला त्यांच्या कपाळावर घाम दिसला, मला वाटलं छान, मेहनत होतेय. पण वर पंखा फुल होता आणि घाम कानामागून मानेवर ओघळत होता. मी म्हटलं, मोजा, किती झाले? त्या म्हणाल्या सात. मग परत सात. मग परत सात. हात धरला तर गार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुनेने पळत साखरेचं पाणी आणलं, त्यांच्याच मशीनवर शुगर बघितली तर ५८. ७० च्या खाली गेली की ती धोक्याची, हे मला नंतर वाचून कळलं, म्हणजे जे आधी माहीत असायला हवं होतं ते नंतर.

काही शुगरच्या गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, आणि इन्सुलिन, हे पोटात काही असो नसो शुगर खाली आणतात, वर व्यायामाने स्नायू आणखी साखर ओढून घेतात, म्हणून दोन्ही एकत्र आलं की माणूस बसल्या जागी गळून जातो. मेटफॉर्मिन एकट्यानं सहसा असं करत नाही. तसंच ब्लडप्रेशरसाठी काही जणांना बीटा ब्लॉकर गोळ्या असतात, त्यांनी नाडी फारशी वाढत नाही, मग जास्तीत जास्त नाडी काढायचं ते २२० वजा वय वालं गणित लावून तू त्यांना पळवत बसलीस तर माणूस धापा टाकेल आणि घड्याळ म्हणेल अजून हळूच चाललंय. तिथे नाडी सोडून द्यायची आणि बोलून बघायचं, व्यायाम करता करता दोन वाक्यं बोलता येतायत का, बोलता येत असेल तर ठीक, एकेक शब्द तुटक येत असेल तर कमी कर. हे सगळं मला माझं वजन कमी करताना कळलं नव्हतं, कळायचं कारणच नव्हतं, मला ना शुगर होती ना बीपी.

म्हणून मी सांगतेय, तू एका शरीराची तज्ज्ञ आहेस. तुझ्या. फार चांगली तज्ज्ञ आहेस, पण पुढच्या बाईचं शरीर म्हणजे पुन्हा पहिलीपासून शाळा.

आता नोकरी. सोडू नको. निदान अजून वर्षभर तरी नको, आणि मी हे तुझ्या सासूबाईंची बाजू घेऊन बोलत नाहीये (तू लिहिलंयस की त्या म्हणतात 'लोकांना उठाबशा काढायला लावण्यासाठी पक्की नोकरी सोडणार?', त्यांना राग येऊ नये पण उठाबशा काढायला लावणं हे फार जबाबदारीचं काम आहे). माझी कारणं दोन आहेत.

एक तर तुझं वजन उतरून किती दिवस झाले? पत्रावरून वाटतंय की ६३ वर येऊन जेमतेम दोन महिने. वजन उतरवणं आणि उतरलेलं टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, दुसरं जास्त चिवट. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे, निदान ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो कमी करून ते वर्षभर टिकवलेले लोकच त्यात घेतात, आणि त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करत राहतात, वजन उतरल्यानंतर सुद्धा. दुसरा एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला होता, टीव्हीवरच्या वजन कमी करायच्या स्पर्धेतल्या १४ जणांना ६ वर्षांनी परत तपासलं तर बऱ्याच जणांचं वजन बरंचसं परत आलेलं आणि त्यांचं शरीर दिवसाला अपेक्षेपेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ते लोक फार थोड्या दिवसांत फार जास्त उतरवलेले होते, तू १४ महिने घेतलेस, महिन्याला दोन-सव्वादोन किलो, तुझी गोष्ट बरीच बरी आहे. पण शरीर जुनं वजन विसरत नाही आणि भूक वाढवून ते परत मागत राहतं, हे तुला येत्या वर्षात जाणवेल. एक दिवाळी, एक लग्नसराई, एक आजारपण आणि एक पोरांच्या परीक्षांचा मार्च-एप्रिल असं सगळं एकदा या नव्या वजनावर काढ. तेव्हा तुला जे कळेल ते कुठल्याच कोर्समध्ये मिळत नाही, कारण तुझ्या क्लायंटचं खरं दुखणं तिथेच असणार आहे.

आणि यात अजून एक आत दडलेली गोष्ट आहे. एकदा तू ट्रेनर झालीस की तुझं शरीर ही तुझ्या दुकानाची पाटी होते. मग हळदीकुंकवाला कुणी लाडू पुढे केला तर तो नुसता लाडू राहत नाही, धंद्याचं नुकसान वाटायला लागतं. माझे वडील आजारी होते तेव्हा मी पाच महिने हॉस्पिटल ते घर करत होते, कॅन्टीनचा वडापाव आणि चहा, वजन ६ किलो वाढलं. तेवढ्या दिवसांत क्लायंट कमी आणि स्वतःच्या पोटाचा विचार जास्त अशी माझी गत झाली होती, काळे ढगळ कपडे घालून जायचे, आरशासमोर उभं राहून शिकवायचं टाळायचे. शेवटी एका क्लायंटनेच विचारलं, 'ताई, बाबा कसे आहेत?' माझं पोट तिने बघितलं होतं की नाही देव जाणे, पण कुणीही मला सोडून गेलं नाही. सहा किलो नंतर वर्षभरात हळूहळू गेले. तुला आत्ताच पोटाच्या कातडीची एवढी काळजी वाटतेय म्हणून हे सांगतेय, ही काळजी या कामात कमी होत नाही, आधी वाढते. ती घेऊन काम करता येतं, मी केलं, पण आधीपासून माहीत असावं.

दुसरं कारण पैसे. तू अकाउंट्सवाली आहेस, तुला आकडे आवडतील.

समज तू लोकांच्या घरी जाऊन शिकवतेस, महिन्याला १२ सेशन, एका क्लायंटचे ६ हजार धर. सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी सहा ते दहामध्ये जाण्यायेण्याचा वेळ धरून तीन घरं होतात, मंगळवार-गुरुवार-शनिवार आणखी तीन. सहा क्लायंट म्हणजे ३६ हजार, कागदावर तुझ्या पगारापेक्षा जास्त. आता कागद बाजूला ठेव. मे महिन्यात लोक गावाला जातात. गणपतीचे दहा दिवस कुणी फिरकत नाही, नवरात्रात उपवास, दिवाळीत फराळ आणि पाहुणे, मग 'ताई आता एक तारखेपासून परत सुरू करू'. जानेवारीत सगळे येतात आणि होळीपर्यंत निम्मे जातात. मी माझ्यापुरता हिशोब वर्षातले ९ महिने भरले असाच धरायचे. म्हणजे त्या ३६ चे महिन्याला सरासरी २७ झाले. त्यातून पेट्रोल, गाडी, चटया आणि रबर बँड बदलायचे. पीएफ नाही, मेडिक्लेम तुझा तू काढायचा, आणि पाठीत उसण भरली तर त्या आठवड्याचे पैसे शून्य. जिममध्ये नोकरी घेतलीस तर फ्लोअर ट्रेनरचा पगार सहसा तुझ्या आत्ताच्या पगारापेक्षा बराच कमी असतो, वर पीटीच्या, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगच्या, फीमधला हिस्सा मिळतो, तो किती टक्के आणि कधी मिळणार हे लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नको. मी पहिल्या जिममध्ये तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवला आणि तीन महिन्यांचे पीटीचे पैसे बुडाले.

वेळांचं पण बघ. लोकांना व्यायाम करायचा असतो तो ऑफिसच्या आधी नाहीतर ऑफिसनंतर, म्हणजे आपली कामाची वेळ सकाळी साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. नेमकं तेव्हाच तुझ्या पोरांची शाळेची बस, डबा, संध्याकाळचा अभ्यास. दुपारी बारा ते चार तू एकदम मोकळी, आणि घरात कुणी नाही. माझी मुलगी पहिली-दुसरीत होती ती दोन वर्षं तिची वेणी तिच्या बाबांनी घातली, चांगली घालायचे, पण मला ते अजून लागतं. तुझा नवरा 'तू ठरव, मी आहे' म्हणालाय हे वाचून फार बरं वाटलं. त्याला एकदा हे वेळापत्रक कागदावर काढून दाखव आणि मग परत विचार.

एक मार्ग मला तुझ्यासाठी जास्त बरा वाटतो, तो म्हणजे बॅच. सोसायटीचा हॉल, नाहीतर गच्ची, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहा ते सात, आठ-दहा बायका, प्रत्येकी हजार-दीड हजार. नोकरी चालू ठेवून होतं. एकजण नाही आली तरी बॅच बंद पडत नाही आणि बायका एकमेकींना बिछान्यातून ओढून आणतात. फक्त सोसायटीच्या कमिटीकडून लेखी परवानगी घे, तोंडी घेऊ नको, पहिली तक्रार म्युझिकच्या आवाजाचीच येते.

कोर्सबद्दल आता. रविवारपर्यंतच्या ऑफरवाल्याला आज फोन करून नाही सांग. जो कोर्स खरंच चांगला आहे तो सोमवारी पण तेवढ्याच पैशात मिळतो. आपल्याकडे डॉक्टर किंवा वकील यांच्यासारखं ट्रेनरला सरकारी लायसन्स लागत नाही, त्यामुळे कुणीही दोन दिवसांचं वर्कशॉप घेऊन सर्टिफिकेट छापून देऊ शकतो आणि देतात पण. मग बघायचं काय? परीक्षा खरी आहे का, नापास करतात का. हा प्रश्न सरळ विचार, 'तुमच्याकडे किती जण नापास होतात?' जो म्हणेल कुणीच नाही त्याच्याकडे जाऊ नको. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजची, ज्याला सगळे एस म्हणतात, परीक्षा ३ तासांची असते, १५० प्रश्न, आणि परीक्षेला बसायलाच सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून जीव वाचवायच्या प्रथमोपचाराचं, सर्टिफिकेट लागतं. ती इंग्लिशमध्ये असते, ते तुला जमेल असं तुझ्या पत्रातल्या भाषेवरून वाटतंय. आपल्याकडे के इलेव्हन सारख्या संस्था आहेत, त्यात वर्गात बसून शरीररचना शिकवतात आणि हाताने करून घेतात. सरकारच्या कौशल्य विकासवाल्या चौकटीत पण फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे, तो स्वस्तात पडतो. मी कुठलाच एक घे असं सांगणार नाही. मी बघते ते एवढंच की प्रॅक्टिकल किती तास आहे, आणि शिकवणाऱ्याने स्वतः कधी गुडघा दुखणाऱ्या, शुगर असलेल्या, साठीच्या बाईला शिकवलंय का. की नुसते पंचविशीतल्या पोरांचे दंड फुगवलेत.

सीपीआर मात्र आत्ताच शिकून घे, कोर्स करो न करो, ट्रेनर होवो न होवो. एका दिवसाचं काम आहे. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगायचं. पुतळ्यावर करून बघितलं की कळतं ५ सेंटीमीटर म्हणजे किती जोर लागतो, मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट.

आणि दोन गोष्टी ज्या तुझ्यावर ढकलल्या जातील. पहिली, डाएट. बायका व्यायाम विचारायला येत नाहीत, 'काय खाऊ' हे विचारायला येतात. निरोगी माणसाला तू साधं सांगू शकतेस, जेवणात डाळ-उसळ-दही-अंडी वाढवा, ताटात मटकी मोठी वाटी घ्या आणि भात छोटी, उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे तेव्हा त्याबरोबर दही-ताक घ्या किंवा राजगिरा घ्या. पण शुगर, किडनी, थायरॉइडच्या गोळ्या, गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई, इथे तुझा प्लॅन चालणार नाही, आहारतज्ज्ञाकडे पाठव. पाठवलं की क्लायंट जाते असं वाटतं, उलट ती जास्त टिकते. दुसरी गोष्ट, डबे. प्रोटीन पावडर एक वेळ ठीक आहे, पण फॅट बर्नर, डिटॉक्स, 'आयुर्वेदिक स्लिमिंग' असलं काही विकायला कुणीतरी तुला कमिशन देऊ करेल, ते कमिशन महिन्याच्या दोन क्लायंटच्या फीएवढं असेल आणि तुला मोह होईल. नको घेऊस गं. तुझ्यावर विश्वास ठेवून आलेल्या बाईच्या लिव्हरमध्ये काय जातंय हे तुला माहीत नसतं.

हल्ली अजून एक प्रकारचे क्लायंट येतायत. वजन कमी करायची इंजेक्शनं, मौंजारो मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, डॉक्टर लिहून देतात, वजन झपाट्याने उतरतं. त्यात चरबीबरोबर स्नायू पण जातात, आणि भूक मेल्यामुळे प्रोटीन पोटात जात नाही. अशा लोकांना ताकदीचा व्यायाम शिकवणारं कुणीतरी हवंच असतं. काही ट्रेनर त्यांना हिणवतात, 'शॉर्टकट मारला' म्हणतात. तू तसं कधी करू नको. त्यांनाही तुझ्यासारखीच लाज वाटत होती, त्यांचा रस्ता डॉक्टरच्या केबिनमधून गेला एवढंच.

आता तू विचारलेलं नाहीस पण ज्यावर सगळं अवलंबून आहे ते सांगते, शिकवणं. तुला स्क्वॉट येतो म्हणजे शिकवता येतो असं नाही. कमरेतून वाकणं घे, डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून वजन उचलायच्या व्यायामाचा, पाया. मी ११ वर्षांत हे शेकडो बायकांना शिकवलं आणि 'पाठ सरळ ठेवा, कंबर मागे न्या' या वाक्याचा उपयोग कधीच झाला नाही, बायका गुडघे वाकवून खाली बसतात नाहीतर पाठीची कमान करतात. मग एकदा एका निवृत्त शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात शिकवत होते, त्यांनी दोन्ही हातात भाजीची भांडी घेऊन फ्रीजचं दार मागच्या मागे कुल्ल्याने ढकलून बंद केलं. मी म्हटलं, थांबा, आत्ता जे केलंत ते परत करा. गुडघे जेमतेम वाकलेले, पाठ सरळ, कंबर मागे, परफेक्ट. झाडूचा दांडा त्यांच्या पाठीला उभा लावला, डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला हवा, वाकताना एकही जागा सुटता कामा नये. फ्रीजचं दार म्हटलं की त्यांना यायचं. त्यानंतर मी सगळ्यांना फ्रीजचं दारच सांगायला लागले. त्या बाई आल्या होत्या तेव्हा वजन कमी करायचंय म्हणाल्या होत्या, पण तिसऱ्या आठवड्यात खरं बोलल्या की मुलगा परगावी असतो आणि सिलेंडर संपला की वॉचमनला बोलवावं लागतं, ते नको वाटतं. आम्ही पाण्याने भरलेल्या पाच लिटरच्या कॅनपासून सुरू केलं. आठ महिन्यांनी त्यांनी भरलेला सिलेंडर ओट्याखाली स्वतः सरकवला, उचलून दोन पावलं नेला, आणि मला फोन करून फक्त 'झालं' एवढंच म्हणाल्या. वजन त्यांचं चारच किलो उतरलं होतं आणि त्याबद्दल त्यांनी परत कधी विचारलं नाही.

तुझ्या डोक्यात ३१ हा आकडा बसलाय, साहजिक आहे, पण तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला ३१ नको असतील. कुणाला मांडी घालून पूजेला बसायचं असतं, कुणाला नातवाला उचलायचं असतं. ते काय आहे हे त्यांच्याकडून काढून घेणं हे निम्मं काम, आणि त्याला पहिले दोन-तीन आठवडे फक्त ऐकावं लागतं.

म्हणून तुझ्या त्या काकू. लिफ्टपाशी गाठणाऱ्या. सुरुवात त्यांच्यापासून कर, फी न घेता, तीन महिने, आठवड्यातून तीन वेळा, रविवारी नाही. पहिल्या दिवशी व्यायाम करायचाच नाही. पार-क्यू नावाची ७ प्रश्नांची एक साधी यादी असते, छातीत दुखतं का, चक्कर येते का, हाडासांध्यांचा त्रास आहे का, बीपी-हृदयाच्या गोळ्या आहेत का असले प्रश्न, ती त्यांच्याबरोबर बसून भर. एकाही प्रश्नाला हो आलं तर आधी डॉक्टर. गोळ्यांची पाकिटं बघायला माग, नावं उतरवून घे, आणि त्या किती वाजता, खाण्याआधी की नंतर घेतात ते पण लिही, माझ्यासारखं नंतर कळायला नको. डॉक्टर हो म्हणाले की एक पक्की, बिनचाकाची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, काकूंना हाताची घडी छातीवर घालायला सांग, मोबाईलवर ३० सेकंद लाव आणि त्या किती वेळा पूर्ण उभ्या राहून परत बसतात ते मोज. तू बाजूलाच उभी रहा, तोल गेला तर धरता येईल इतक्या जवळ. गुडघा दुखला तर तिथेच थांबव, जेवढे झाले तेवढे.

तो आकडा, तारीख, आणि त्या उठताना काय म्हणाल्या ते एका वहीत लिही. मग मला पत्र पाठव, पहिल्या दिवशीचा आकडा आणि तीन महिन्यांनंतरचा, दोन्ही.